जीपचे युद्धकालीन एंजिन आणि घरगुती पुनर्बांधणी

दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात जीप गाडीचा उल्लेख बहुधा तिच्या रणांगणावरील चपळाईसाठी होतो. तिच्या एंजिनाचे महत्त्व मात्र आणखी एका कारणासाठी आहे. सैन्यासाठी बनविलेले हे यंत्र १९४५ नंतर सामान्य नागरिकांच्या अंगणात उकलले आणि पुन्हा जोडले जाऊ लागले. या कौशल्याचे श्रेय केवळ वैयक्तिक हिकमतीला देण्याचा प्रघात आहे. परंतु ती हिकमत ज्या पायावर उभी राहिली, तो पाया युद्धकालीन व्यवस्थेने घातला होता.

विलीज-ओव्हरलँड कंपनीचे अभियंते डेल्मर रूस यांनी आपल्या कंपनीचेच ४८ अश्वशक्तीचे जुने एंजिन सुधारून त्याची शक्ती ६० अश्वशक्तीपर्यंत वाढविली. चार सिलिंडरांच्या या एंजिनाचे आकारमान सुमारे २.२ लिटर होते. सिलिंडरचा व्यास ३ १/८ इंच, तर दट्ट्याची धाव ४ ३/८ इंच. त्याच्या झडपा माथ्यावर नसून सिलिंडरांच्या बाजूस, मुख्य ओतीव ठोकळ्यातच बसविलेल्या होत्या. या रचनेत इंधन-वायूचा प्रवाह काहीसा अडतो, हा तिचा दोष होय. पण त्यामुळे सिलिंडरचा माथा म्हणजे केवळ एक झाकण उरते. ते उचलताच दट्टे आणि झडपा एकाच वेळी दृष्टीस पडतात. काजळी खरवडणे, झडप आणि तिची बैठक यांमध्ये घासणीचा लेप लावून ती हाताने घासून बसविणे, ही कामे साध्या हत्यारांनी होऊ शकत.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे झीज होणार हे निर्मात्यांनी आधीच गृहीत धरले होते. सिलिंडरची झीज सर्वत्र सारखी होत नाही. दट्ट्याची वरची कडी जेथून परत फिरते, तेथे ती सर्वाधिक होते आणि त्यावर न झिजलेल्या धातूचा एक काठ शिल्लक राहतो. हा काठ कापल्यावाचून दट्ट्या वर ओढल्यास कड्या मोडण्याची भीती असते. झिजलेला सिलिंडर ठरावीक मापाने मोठा करून त्यात तेवढाच मोठा दट्ट्या बसवावयाचा, भुजादंड घासून बारीक करून त्याला तितक्या कमी मापाचे धारवे द्यावयाचे, अशी क्रमवार मापे निश्चित होती. शिवाय १९४१ च्या अखेरीस फोर्ड कंपनीलाही विलीजच्याच आराखड्यांवरून जीप बांधण्याचे काम देण्यात आले. दोन्ही कारखान्यांतील भाग परस्परांत बदलता यावेत ही सैन्याची अट होती. दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. सुट्या भागांचा पुढील साठा त्यातूनच निर्माण झाला.

सैन्यात मात्र एंजिन कोणी उघडावे याची कडक उतरंड होती. दुरुस्तीच्या पाच पायऱ्या होत्या. चालकाकडे तेल-पाणी पाहण्यासारखी किरकोळ कामे असत; संपूर्ण पुनर्बांधणी वरच्या पायऱ्यांवरील कर्मशाळांकडे असे. १९४४ साली निघालेल्या तांत्रिक पुस्तिकांत मापे, क्रम आणि आकृत्या तपशीलवार दिल्या होत्या. यंत्रविद्येची पार्श्वभूमी नसलेल्या भरती-सैनिकालाही त्या समजाव्यात, असा त्यांचा घाट होता. ही प्रकाशने अमेरिकन सरकारची असल्यामुळे त्यांवर स्वामित्वहक्काचे बंधन नव्हते. त्यांचे पुनर्मुद्रण मुक्तपणे होत राहिले. युद्ध संपल्यावर पाचही पायऱ्या एकाच माणसाच्या हाती आल्या, आणि पुस्तिका त्याची गुरू झाली.

तथापि ही पुनर्बांधणी सर्वस्वी घरगुती कधीच नव्हती. उकलणे, धुणे, मोजणे व जोडणे ही कामे घरी होत. सिलिंडर मोठा करणे आणि भुजादंड घासणे यांसाठी यंत्रशाळेतच जावे लागे. मनिला शहरात शिल्लक सैनिकी जीपमधून जीपनी हे सार्वजनिक वाहन घडले, तेही स्थानिक कारागिरांच्या अशा साखळीमुळेच. मुंबईत माझगाव येथे १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने विलीजच्या जीपची जुळणी सुरू केली. दरम्यान १९५० साली विलीजने याच एंजिनाची इंधन आत घेणारी झडप माथ्यावर नेली. व्यास व धाव मात्र तीच ठेवली. म्हणून जुन्या एंजिनावर बसलेला हात नव्या एंजिनावरही चालू शकला.

साधी रचना, झिजेची ठरीव मापे, खुली पुस्तिका आणि जवळची यंत्रशाळा या चार गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच घरातील माणसाला एंजिन नवे करता आले. आधुनिक एंजिनांचे नियंत्रण संगणकाकडे गेले आहे, आणि दोष शोधण्याची साधने व माहिती पुष्कळदा निर्मात्याच्याच हाती राहते. अशा स्थितीत घरगुती दुरुस्ती मागे पडली, तर त्याचा दोष हातांच्या आळसाला देणे इतिहासाला धरून होणार नाही. यंत्र उघडता येणे हा त्या यंत्राचा गुण असतो, तसाच तो त्याची मापे सर्वांना सांगणाऱ्या व्यवस्थेचाही गुण असतो.