मुसळ, स्वस्तिकबंध आणि निखळलेला खांदा

१/ सातारा-सांगली हा मल्लांचा मुलूख. इथे खांदा निखळणे नवे नाही. शस्त्रक्रियेविना तो बसवण्याची विद्याही प्राचीन आहे.

२/ सुश्रुतसंहितेचे चिकित्सास्थान सांगते: काखेत मुसळ लावून सांधा उचलावा, जागी बसताच स्वस्तिकबंध बांधावा. विशेष म्हणजे, हिप्पोक्रेटिसच्या नावे असलेल्या ग्रीक ग्रंथातही काखेतले मुसळ आढळते!

३/ १८७० मध्ये कोखर यांनी हात वळवून सांधा बसवण्याची रीत मांडली. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत इस्पितळ उभारले आणि पाश्चात्त्य शल्यविद्या आखाड्यांच्या उंबरठ्याशी आली.

४/ रीती बदलल्या, तत्त्व टिकले: बसवा, बांधा, विसावा द्या. सांधा क्षणात बसतो. फाटलेले स्नायुबंध आठवडे घेतात. म्हणून हात झोळीत. तरुणांचा खांदा पुन्हा निखळण्याची भीती अधिक; उतावळ्या मल्लाची कारकीर्द तिथेच पणाला लागते.