पसाभर धान्य ते एक दिवसाचे वेतन : अल्प उत्पन्न कुटुंबांचे आपत्तिसाहाय्य – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

आपत्तिसाहाय्याचा इतिहास बहुधा शासकीय आदेश, धनिकांच्या देणग्या आणि संस्थांचे अहवाल यांच्या आधारे लिहिला जातो. ज्या कुटुंबांची महिनाअखेरची तोंडमिळवणी जेमतेम होते, त्यांनी केलेली मदत या साधनांत ‘किरकोळ जमा’ म्हणून येते किंवा येतच नाही. प्रस्तुत लेखात १८७६-७८ चा दुष्काळ, स्वातंत्र्योत्तर काळातील मदतनिधी, १९९३ चा किल्लारी भूकंप आणि २००५ चा मुंबईतील महापूर यांच्या संदर्भात या मदतीच्या स्वरूपाचा विचार केला आहे. कुटुंब ज्या स्वरूपात कमावते व साठवते, त्याच स्वरूपात ते देते. म्हणून केवळ रुपयांत मोजणाऱ्या नोंदवह्यांतून त्याचे दान निसटते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

धान्यरूप दान आणि शासनाची जबाबदारी

एकोणिसाव्या शतकातील शेतकरी कुटुंबाकडे रोकड क्वचितच असे. असे ते धान्य. सुगीच्या वेळी खळ्यावरच बलुतेदार व याचक यांचा वाटा काढला जाई. पसा, मूठ, शेर, पायली ही केवळ मापे नव्हती, तर देण्याच्या ऐपतीच्या पायऱ्याही होत्या. १८७६-७८ च्या दुष्काळात सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा या जिल्ह्यांत ही व्यवस्था कोलमडली; कारण देणारा व घेणारा एकाच वेळी उपाशी झाले. सावित्रीबाई फुले यांनी २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात जुन्नर भागातील अन्नान्नदशेचे आणि सत्यशोधकांनी उभारलेल्या मदतकार्याचे वर्णन आढळते. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाच्या अनुयायांत शेतकरी व कष्टकरी जातींतील कुटुंबांचा मोठा भरणा होता, हे लक्षात घेता या मदतकार्याचे वेगळेपण स्पष्ट होते.

याच काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मदतकामांवरील मजुरांचे दैनिक धान्य सुमारे एका पौंडापर्यंत खाली आणले आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यास विरोध केला. १८८० च्या दुष्काळ आयोगाने भारतीय समाजातील दानशीलतेची प्रशंसा केली. इतकेच नव्हे, तर या दानधर्मामुळेच सामान्य काळात गरिबांच्या पोषणासाठी शासकीय व्यवस्थेची गरज भासत नाही, असा विचार मांडला. दुष्काळात हे स्रोत आटतात, हेही आयोगाने मान्य केले. तथापि गरिबाच्या औदार्याचा आधार घेऊन शासनाने आपली जबाबदारी मर्यादित ठेवण्याची प्रवृत्ती येथे स्पष्ट दिसते. हा प्रश्न त्या शतकाबरोबर संपला नाही.

रोख निधी, वेतन आणि संमती

फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या साहाय्यासाठी जानेवारी १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या आवाहनावरून पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी सुरू झाला. पुढे राज्यपातळीवरही मुख्यमंत्री मदत निधी रूढ झाले. त्यामुळे दान रोख आणि केंद्रीभूत झाले. मनिऑर्डर, पावती, धनादेश यांमुळे दूरच्या आपत्तीसाठीही मदत पाठवणे शक्य झाले. परंतु पावतीचा लाभ सर्वांना सारखा मिळाला नाही. आयकर कायदा १९६१ मधील कलम ८०जी अन्वये मिळणारी सवलत करदात्यालाच उपयोगी होती. ज्याचे उत्पन्न करपात्र नव्हते, त्याची वर्गणी त्याला पूर्ण किमतीलाच पडे.

नोकरदार वर्गात ‘एक दिवसाचे वेतन’ हा देण्याचा परिपाठ झाला. वरकरणी हे प्रमाण न्याय्य वाटते, कारण अधिकारी व शिपाई दोघेही महिन्याचा तितकाच अंश देतात. प्रत्यक्षात अधिकाऱ्याची बचत थोडी घटते, तर शिपायाच्या घरी किराण्याची यादी आखडते. शिवाय कपात पगारपत्रकातूनच होत असल्याने संमतीचा प्रश्न उपस्थित होतो. या प्रश्नाची न्यायालयीन चर्चा महाराष्ट्राबाहेर, केरळमध्ये झाली. २०१८ च्या महापुरानंतर तेथील सरकारने कर्मचाऱ्यांना एका महिन्याचे वेतन देण्याचे आवाहन केले व नकार असल्यास लेखी कळविण्यास सांगितले. ही लेखी नकाराची अट उच्च न्यायालयाने स्थगित केली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. न देण्यासाठी नाव नोंदवावे लागत असेल तर त्या देण्यास दान म्हणता येत नाही, हाच या घटनाक्रमाचा आशय होय.

वस्तू, श्रम आणि निवारा

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या किल्लारी भूकंपात लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. दगडमातीच्या भिंतींखाली अडकलेल्यांना प्रथम बाहेर काढले ते वाचलेल्या ग्रामस्थांनी व शेजारच्या गावांतील लोकांनी. यांपैकी मजुरी करणाऱ्याने त्या दिवसाची हजेरी गमावली. ती रक्कम कोणत्याही निधीत जमा झाली नाही.

राज्यभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग तेथे साचले व त्यातील बराच भाग निरुपयोगी ठरला, ही टीका सर्वपरिचित आहे. ती वितरणव्यवस्थेच्या दृष्टीने रास्त आहे. परंतु देणाऱ्या घराच्या बाजूने पाहता तिला दुसरी बाजूही आढळते. शहरी निम्न मध्यमवर्गीय घरात जुने कपडे टाकाऊ नसत. बोहारणीकडे त्यांच्या बदल्यात स्टीलचे भांडे मिळे. मदतफेरीत दिलेली साडी म्हणजे घरात न आलेले पातेले होते. वस्तू अनुपयुक्त ठरली, म्हणून त्यामागील त्याग खोटा ठरत नाही.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अडकलेल्या प्रवाशांना चाळींतील व झोपडपट्ट्यांतील कुटुंबांनी पाणी, चहा, बिस्किटे आणि रात्रीपुरता आसरा दिला. त्यांपैकी अनेकांच्या स्वतःच्या घरांतही पाणी शिरलेले होते. या देण्याला पावती नव्हती आणि घेणाऱ्याचे नावही विचारले गेले नाही.

निष्कर्ष

१. अल्प उत्पन्न कुटुंबांच्या दानाचे एकक त्यांच्या अर्थव्यवस्थेनुसार बदलत गेले. धान्य, वेतनाचा दिवस, वस्तू, श्रम व जागा ही त्याची प्रमुख रूपे होत.

२. या दानाचा गौरव करताना तो शासकीय जबाबदारीचा पर्याय ठरू नये. १८८० च्या आयोगाचा युक्तिवाद हा या संदर्भात इशारा आहे.

३. वेतनातून मदत घेताना होकार स्पष्टपणे विचारला जावा. मौन हा होकार मानू नये.

४. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजना विभागांनी वेळोवेळी मदतफेऱ्या काढल्या आहेत. त्यांच्या जमाखर्चाच्या वह्या, वस्तूंच्या याद्या आणि पावतीपुस्तके रद्दीत जाण्यापूर्वी ग्रंथालयांत जतन व्हावीत. दोन-पाच रुपयांच्या त्या नोंदी स्थानिक इतिहासाची महत्त्वाची साधने आहेत. त्या नष्ट झाल्यास, आपत्तीच्या काळात महाराष्ट्रात कोणी कोणाला सावरले, या प्रश्नाचे उत्तर केवळ मोठ्या देणगीदारांच्या नामफलकांवरून द्यावे लागेल.