पेशींवरील खुणा आणि मुलांचा रक्तकर्करोग

लहान मुलांना होणाऱ्या कर्करोगांत ‘अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया’ या रक्तकर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक आहे. त्यात अस्थिमज्जेतील अपक्व लिम्फ पेशी बेसुमार वाढतात आणि निरोगी रक्तपेशींची निर्मिती खुंटते. मूल फिकट दिसू लागते, वारंवार ताप येतो, अंगावर निळसर डाग उमटतात. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी ओळखता येतात. मात्र त्या ‘बी’ वंशाच्या की ‘टी’ वंशाच्या, हे केवळ रूपावरून कळत नाही. ते सांगतात पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिने.

१९७५ साली केलर आणि मिल्स्टीन यांनी एकाच लक्ष्याला चिकटणारी मोनोक्लोनल प्रतिपिंडे तयार करण्याची पद्धत शोधली आणि ही प्रथिने नेमकी हुडकणे शक्य झाले. त्यांच्या नावांतील गोंधळ टाळण्यासाठी १९८२ साली पॅरिसमधील आंतरराष्ट्रीय कार्यशाळेपासून ‘सीडी’ क्रमांक रूढ झाले.

‘फ्लो सायटोमेट्री’ या तपासणीत पेशींना चमकदार रंग लावलेली प्रतिपिंडे जोडतात आणि एकेक पेशी लेसर किरणांसमोरून जाऊ देतात. सीडी १९, सीडी २२ आणि बहुधा सीडी १० या खुणा आढळल्या, तर रोग ‘बी’ वंशाचा असतो. सुमारे ८५ टक्के मुलांमध्ये हाच प्रकार दिसतो. सीडी ७ आणि पेशीच्या आत दडलेले सीडी ३ हे ‘टी’ वंशाचे निदर्शक होत. कोणतीही एक खूण पुरेशी नसते. एक वर्षाखालील बाळांच्या ल्युकेमियात सीडी १० पुष्कळदा आढळतच नाही. त्यामुळे अनेक खुणांचा एकत्रित विचार करावा लागतो.

उपचार सुरू झाल्यावरही या खुणा उपयोगी पडतात. दहा हजार पेशींमध्ये उरलेली एखादी रोगट पेशीही त्यांच्या आधारे शोधता येते आणि केमोथेरपी किती तीव्र ठेवायची, हे बरेचसे त्यावरून ठरते. म्हणूनच पहिला अहवाल पालकांनी जपून ठेवावा. पुढच्या तपासण्या त्याच्याशी ताडून पाहिल्या जातात. निदानापूर्वी स्टेरॉइड दिल्यास चित्र धूसर होऊ शकते, हेही लक्षात ठेवावे.

आता हीच खूण उपचाराचे लक्ष्य बनली आहे. सीडी १९ वर हल्ला करणाऱ्या ‘कार-टी’ पेशींच्या उपचाराला अमेरिकेत २०१७ साली, रोग उलटलेल्या वा उपचारांना दाद न देणाऱ्या मुलांसाठी व तरुणांसाठी मान्यता मिळाली. आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या सहकार्यातून साकारलेल्या ‘नेक्सकार १९’ला भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, ती १५ वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी आहे. मात्र काही रुग्णांत रोग उलटतो, तेव्हा पेशींवरील सीडी १९ नाहीसे झालेले असते. अशा वेळी खुणांची तपासणी नव्याने करूनच पुढील मार्ग ठरवावा लागतो.