काळाचौकी येथील एक बाड : मनोरुग्णांविषयींच्या साधनांसंबंधीं कांहीं विचार

काळाचौकी (मुंबई) येथील एका रद्दीच्या दुकानांतून आमच्या एका स्नेह्यांनीं गेल्या वर्षीं कागदांचें एक बाड विकत घेतलें व तें पाहण्यासाठीं आमच्याकडे आणून दिलें. बाड जुन्या धोतराच्या फडक्यांत बांधलेलें असून आंत सुमारें दीडशें कागद आहेत. त्यांपैकीं बहुतेक खोलीच्या भाड्याच्या पावत्या, गिरणीच्या पगाराच्या चिठ्ठ्या व कोंकणांतून आलेलीं आंतर्देशीय पत्रें. सर्वांत जुना कागद इ. स. १९७१ चा, शेवटचा १९८६ चा. आमचे वाचक ज्यास जुना कागद म्हणतील असा यांत एकही नाहीं. मोडीचें तर अक्षरही नाहीं. तथापि याच बाडांत परळच्या एका रुग्णालयाच्या मनोविकार विभागाचे सतरा केसपेपर निघाले, व त्यांनीं आम्हांस विचारांत पाडलें.

हा विषय आपल्याकडे नवा नव्हे. चरकसंहितेंत उन्मादाच्या चिकित्सेवर स्वतंत्र अध्याय आहे, व माधवनिदानांतील उन्मादाचें प्रकरण वैद्यांच्या घराण्यांत पिढ्यान्पिढ्या पढविलें जाई. परंतु अमुक रोग्यास अमुक दिवशीं काय झालें होतें व त्यास काय दिलें, हें सांगणारे कागद शोधूं गेल्यास जे पुष्कळ हातीं लागतात ते इंग्रजी अमलांतले. आणि तेही वैद्यकाचे थोडे, बंदोबस्ताचे फार. इ. स. १८५८ चा छत्तिसावा व १९१२ चा चौथा हे दोन कायदे पाहावे. रस्त्यांत भटकणारा वेडा पोलिसानें धरावा, मॅजिस्ट्रेटापुढें उभा करावा, दाखला घ्यावा व हुकूम होतांच वेड्यांच्या इस्पितळांत धाडावा, असा तो क्रम. स्वेच्छेनें येणाऱ्यास १९१२ च्या कायद्यानें वाट ठेविली होती खरी, पण ती हमरस्ता नव्हती. हीं इस्पितळें नागपुरास १८६४ त, रत्नागिरीस १८८६ त, ठाण्यास १९०१ त व येरवड्यास १९१५ त झालीं. लालबाग-परळच्या माणसाच्या तोंडीं 'याला ठाण्याला पाठवा' ही थट्टा बसली ती यांतूनच. इ. स. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालावरून दिसतें कीं सुमारें चाळीस कोटी वस्तीच्या देशांत मनोरुग्णांसाठीं खाटा होत्या फक्त दहा हजारांच्या आसपास. तेव्हां ज्याचें दुखणें हुकुमापर्यंत पोंचलें नाहीं, जो रात्र रात्र जागून सकाळीं भोंग्याला गिरणींत हजर होत असे, त्याची नोंद कोणत्याच दप्तरांत नाहीं.

ही स्थिति पालटली ती बाह्यरुग्ण विभागांमुळें, व या बाबतींत मुंबईस मान आहे. कलकत्त्यास डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनीं १९३३ त असा विभाग सुरू केला, मुंबईस जे. जे. रुग्णालयांत डॉ. मसानी यांनीं १९३८ त. तत्पूर्वीं १९३७ त टाटा समाजकार्य विद्यालयानें बालमार्गदर्शन केंद्र उघडलें होतें. परळचें के. ई. एम. रुग्णालय १९२६ त स्थापन झालें, व तेथें मनोविकार विभाग डॉ. एन्. एस्. वाहिया यांनीं १९४७ त उभा केला. याच डॉक्टरांनीं पुढें पातंजल योगाच्या आधारें एक उपचारपद्धति बसविली. योगसूत्रांच्या पोथ्या जमविणाऱ्या आमच्या मित्रांस हें ठाऊक असावें म्हणून जातां जातां नमूद करितों. १९५२ नंतर क्लोरप्रोमाझिनसारखीं औषधें निघालीं आणि रोग्यास घरीं ठेवूनच गोळ्या देणें शक्य झालें. काळाचौकीच्या माणसास आतां हुकूम नको, दाखला नको. पायीं परळास जावें, रांगेंत उभें राहून केसपेपर काढावा, व दुसऱ्या पाळीच्या आधीं परत यावें. साधनांच्या दृष्टीनें पाहतां हा फरक मोठा आहे. पूर्वींच्या कागदावर न्यायालयाचा शिक्का असे. यावर खिडकीचा क्रमांक आहे.

येथें एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. जुन्या कागदांत 'वेडा' किंवा 'भ्रमिष्ट' हा शब्द आला म्हणजे रोगाचें निदान झालें असें समजूं नये. कोल्हापूरचे तरुण छत्रपति शिवाजीमहाराज वेडे आहेत असें सरकार म्हणे. त्यांचा छळ होतो असें केसरी व मराठा म्हणत. राज्याचे कारभारी माधवराव बर्वे यांनीं अब्रूची फिर्याद केली, ज्या पत्रांवर संपादकांची भिस्त होती तीं बनावट ठरलीं, आणि १७ जुलै १८८२ रोजीं टिळक व आगरकर यांस चार महिन्यांची शिक्षा होऊन दोघे डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस राहिले. पुढील वर्षाच्या २५ डिसेंबरास महाराज अहमदनगरच्या किल्ल्यांत वारले. खटला झाला तो पत्रें खरीं कीं खोटीं यावर. महाराजांच्या मनास काय झालें होतें हा प्रश्न जसाच्या तसा राहिला. (आगरकरांनीं याच सुमारास हॅम्लेटचें रूपांतर केलें, व तें 'विकारविलसित' या नांवानें १८८३ त निघालें. वेड खरें कीं सोंगाचें हाच ज्या नाटकाचा पेच, तें नेमकें तेव्हां त्यांच्या हातीं असावें हा योगायोग विलक्षण खरा.)

ही सावधगिरी आम्हीं दुसऱ्यांस सांगितली व स्वतः पाळली नाहीं. बाडांतील केसपेपर तारीखवार लाविले असतां १९८२ च्या फेब्रुवारीपासून चौदा महिने एकही कागद नाहीं असें दिसलें. त्याच काळांतील कोंकणच्या पत्रांत घाड्याकडे गाऱ्हाणें घातल्याचा उल्लेख आहे. त्यावरून आम्हीं टिपण केलें कीं रोग्यानें डॉक्टर सोडून देवऋषी धरला. टिपण आम्हांस नीटनेटकें वाटलें होतें.

भाड्याच्या पावत्यांवर चाळीचें नांव होतें. चाळ आतां राहिली नाहीं. पण विचारपूस करितां करितां त्या गृहस्थांच्या कन्येचा पत्ता लागला. गृहस्थ हयात नाहींत. बाईंनीं आमचें टिपण शांतपणें ऐकून घेतलें व १९८२ सालीं काय झालें होतें तें तुम्हांस ठाऊक नाहीं काय, असें विचारलें. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरांतील कामगार घरीं बसले. त्यांतच हे, आणि इतर अनेकांप्रमाणें गांवीं गेले. परळास येण्यास भाडें नव्हतें. काका काळाचौकीच्या खोलींत राहिले होते. ते डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठीवर गोळ्या विकत घेत व गणपतीस, शिमग्यास, मध्यंतरीं जो कोणी चाकरमानी निघेल त्याच्या हातीं धाडीत. गाऱ्हाणें आजीनें घातलें होतें. गोळ्या वडील घेत होते. घरांत दोन्ही चालत असे व त्यावरून भांडण झाल्याचें त्यांस आठवत नाहीं.

याला कागदाचा आधार काय, असें आम्हीं विचारलें, कारण ती आमची खोड. बाईंनीं बाडांतील वडिलांचें एक पत्र उचललें व तिसऱ्या ओळीवर बोट ठेविलें. तेथें आम्हीं 'गोण्या पोंचल्या' असें वाचून खताच्या गोण्या समजलों होतों.

आतां केसपेपरांविषयीं. २९ मे २०१८ पासून अमलांत आलेल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या तेविसाव्या कलमानें रोग्याच्या माहितीची गुप्तता राखण्याचा हक्क दिला आहे. तें कलम उपचार करणाऱ्यांस बांधतें, संग्राहकांस नांवानें बांधीत नाहीं; परंतु एवढ्या सबबीवर रद्दींतून मिळालेला कागद आमचा झाला असें आम्ही मानीत नाहीं. शंभर वर्षांपूर्वींच्या हुकुमांस निराळा न्याय लावावा असें कांहीं सभासदांचें मत आहे. आम्हांस तें पटतें, मात्र नांवें झांकून. १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झालेल्या टेलिमानस योजनेंत १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीनेंच सल्ला मिळतो. त्या संभाषणाची रद्दी कोणत्याही दुकानांत येणार नाहीं. संग्राहकांस खंत वाटेल. रोग्यास वाटण्याचें कारण नाहीं.

सतराही केसपेपर आम्हीं बाईंच्या स्वाधीन केले. नकला ठेविल्या नाहींत. पावत्या, चिठ्ठ्या व पत्रें त्यांच्या संमतीनें आमच्या संग्रहीं राहिलीं आहेत, व हा लेखही त्यांस वाचून दाखविल्यावर छापण्यास दिला आहे. सूचींत 'गोण्या' हा पाठ खोडून 'गोळ्या' असा केला आहे.