उकिरड्याचे पांग



वसंतातील व्याख्यानांना विषय असावा तो एखाद्या राजाचा, संताचा, निदान एखाद्या लढ्याचा. आम्ही मात्र आज आपल्यापुढे उकिरडा घेऊन उभे आहोत. आमचे आयुष्य यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत गेले. शाळा सातवीत सुटली. जे थोडेफार वाचले ते रात्री, सभा आटोपल्यावर. तेव्हा पंडिताची अपेक्षा आपण आमच्याकडून ठेवू नये. पण मजुरीचा हिशेब कसा मांडावा हे आम्हांला कळते, आणि आज जो इतिहास सांगायचा आहे तो एका न मांडलेल्या हिशेबाचाच आहे.

या विषयाकडे आम्हांला वळवले ते एका जखमी हाताने. 2019 सालच्या ऑगस्टात कृष्णा-पंचगंगेचा महापूर ओसरला, तेव्हा आपल्या शिरोळ तालुक्यात घराघरांतून चिखल, भिजलेले धान्य आणि मोडका संसार रस्त्यावर आला. आम्हीही पोती भरून बाहेर ठेवली. त्यांतले एक उचलताना सफाई कामगाराचा तळवा चिरला. नासलेल्या भाजीत आमच्याच कपाटाची फुटकी काच होती. त्यांच्या हातात मोजे नव्हते. मोजे का नाहीत, असा जाब विचारण्यात आमचे अर्धे आयुष्य गेले आहे. पण काच आमची होती. भाजी भाजीच्या जागी आणि काच काचेच्या जागी ठेवली असती, तर तो हात चिरला नसता. त्या रात्री मनात आले की कचरा कोणाच्या हातून कोठे जातो, हे आपण कधी पाहिलेच नाही. मग पुस्तके काढली.

आपल्या भाषेत एक म्हण आहे : बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात. उकिरडा म्हणजे दैन्याची परिसीमा, असे ही म्हण धरून चालते. पण ज्या कुणब्याच्या घरात ती जन्मली, त्या घराची सारी शेती त्या उकिरड्यावरच उभी होती. गोठ्यातले शेण, जनावरांनी तुडवलेला गवताचा चोथा, चुलीतली राख, अंगणातला केर, सारे परड्यातल्या खड्ड्यात जाई आणि उन्हाळ्यात गाडीने रानात पडे. शिवाय धनगर रानात मेंढरे बसवीत. त्या रात्रींचा मोबदला धान्यात मिळे. नदीकाठाला महापुराची मळी येई, ती निसर्गाची देणगी. आपल्या या चार नद्यांच्या मुलखात जमिनीचे देणे फेडण्याच्या या तीन वाटा होत्या.

यांतील पहिली वाट कोणाच्या डोक्यावरून जात होती? बाईच्या. पहाटे गोठा झाडणे, शेणाची पाटी उचलणे, शेणी थापणे, केर टाकणे ही सारी तिची कामे. गावाचे रस्ते झाडणे आणि मेलेले जनावर ओढणे हे मात्र महार वतनाच्या नावाखाली एका जातीच्या माथी मारलेले होते. छत्रपती शाहू महाराजांनी 1918 साली कोल्हापूर संस्थानात ते वतन मोडले. वतन कायद्याने मोडले, पण घाण ज्याने केली त्याने ती काढायची नाही, ही सवय मोडली नाही.

खताची चिंता आपल्याकडे प्रथम मोठ्या आवाजात बोलून दाखवली ती महात्मा फुल्यांनी. 1883 सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले की डोंगरावरचा पालापाचोळा आणि पशुपक्ष्यांची विष्ठा पावसाबरोबर शेतात उतरत असे. सरकारच्या जंगलखात्याने चराई आवळली, गुरे घटली, आणि जमिनीचा हा घास तुटला. त्यानंतर सहा वर्षांनी, 1889 साली, सरकारने व्होल्कर नावाचे रसायनशास्त्रज्ञ विलायतेहून आणले. त्यांचा अहवाल 1893 साली निघाला. त्यांचे म्हणणे असे की हिंदी शेतकरी शेण जाळतो तो अज्ञानापायी नव्हे. त्याला लाकूड मिळत नाही म्हणून जाळतो. गावाजवळ सरपणाची राने राखा, म्हणजे शेण शेतात जाईल. फुल्यांनी जे फटकारून सांगितले होते, त्याचाच एक धागा साहेबांच्या अहवालात सापडतो. शेणीची आच आणि शेताचे खत यांची ओढाताण ही गरिबीची होती, मूर्खपणाची नव्हती.

आता इंदूरला जाऊ. तेथे 1924 साली कापसाच्या संशोधनासाठी एक संस्था निघाली, आणि तिचे संचालक होते आल्बर्ट हॉवर्ड. हे गृहस्थ 1905 साली हिंदुस्थानात आले ते शिकवायला. पण आपल्या शेतकऱ्याकडून आणि पिकांवरच्या किडींकडून आपणच शिकलो, असे ते पुढे मोकळेपणाने सांगत. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ. त्या 1930 साली वारल्या. चीनमधील शेतकरी हजारो वर्षे शेतातून निघालेले शेताला कसे परत करतो, याचे वर्णन अमेरिकेच्या किंग यांनी 1911 सालच्या पुस्तकात केले होते. ते हॉवर्ड यांनी वाचले, आपला उकिरडा पाहिला, आणि दोहोंची सांगड घातली.

त्यांची रीत अशी. शेतातला सारा पालापाचोळा आधी मिसळून घ्यायचा. कापसाच्या पऱ्हाट्या टणक; त्या कुजत नाहीत. म्हणून त्या शेताच्या रस्त्यावर पसरायच्या आणि गाड्यांच्या चाकांनी चिरडून घ्यायच्या. मग पाल्याचा थर, त्यावर शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती, थोडी राख, पाणी; पुन्हा पाला. ढीग तापतो. तीन वेळा तो उलथापालथा करायचा, म्हणजे आत हवा जाते. तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीचा वास येणारे खत तयार. 1931 साली या रीतीचे जे पुस्तक निघाले, त्यावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने नाव आहे यशवंत वाड यांचे. पुढे केनियातल्या कॉफीच्या मळ्यांपर्यंत 'इंदूर पद्धत' गेली, पण वाडांचे नाव क्वचितच कोणी घेते. म्हणून ते आम्ही येथे मुद्दाम घेतो.

कामगार कार्यकर्त्याला इंदूरची आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या संस्थेत मजुरांना वेळेवर रोख मजुरी, कामाचे बेताचे तास आणि राहायला बरी घरे देण्यावर हॉवर्ड यांचा कटाक्ष होता. ढीग वेळेवर उलथणे, ओल राखणे ही कामे मन लावून करावी लागतात. कावलेल्या, थकलेल्या माणसाकडून ती होत नाहीत. चांगल्या खतासाठी चांगली मजुरी लागते, हे त्यांनी ओळखले होते. आमच्या कित्येक मालकांना ते चांगल्या कापडाच्या बाबतीतही उमजलेले नाही. असो.

1935 साली गांधीजींनी इंदूरची ही संस्था पाहिली आणि 'हरिजन'मधून या खताचा पुरस्कार केला. पण त्याच्याही आधी या प्रश्नाच्या मुळाला हात घातला होता कोकणच्या अप्पासाहेब पटवर्धनांनी. 1932 साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. मैला साफ करण्याचे काम आपल्यालाही द्या, असे त्यांनी मागितले. ते ब्राह्मण म्हणून नाकारले गेले. त्यांनी अन्नत्याग आरंभला, आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्यात गांधीजींनीही उपवास सुरू केला. लोक बढतीसाठी अर्ज करतात. या माणसाने झाडू मिळावा म्हणून अन्न सोडले! पुढे 1948 साली कणकवलीजवळ त्यांनी गोपुरी आश्रम काढला आणि मैल्याचे सोनखत करण्याचे प्रयोग केले. त्यामागचा विचार साधा होता : घाण जागच्या जागी खत झाली, तर ती डोक्यावरून वाहणारा माणूस उरणार नाही. मैला वाहून नेण्याच्या प्रथेवर बंदी घालणारे कायदे देशात 1993 आणि 2013 साली झाले. अप्पांनी आपल्या अंगणात तो कायदा त्याच्या कितीतरी आधी अमलात आणला होता.

इकडे 1951 साली सिंदरीचा सरकारी खत कारखाना सुरू झाला. साठीनंतर संकरित बियाणे आले. आपल्याकडे ऊस वाढला. रासायनिक खताने देशाची भूक भागवायला हातभार लावला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण पोते दारात आले तसा परड्यातला उकिरडा ओस पडला, पाचट बांधावर पेटू लागले, आणि पाण्याचा अतिरेक व निचऱ्याचा अभाव यांमुळे आपल्या तालुक्यातली काळी जमीन मिठाने पांढरी पडू लागली. ही क्षारपड जमीन नुसत्या कंपोस्टाने सुधारत नाही. तिला जमिनीखालून निचरा द्यावा लागतो. ते काम शिरोळच्या दत्त साखर कारखान्याने शेतकऱ्यांना बरोबर घेऊन हाती घेतले, ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. पण निचरा झालेल्या जमिनीलाही पुन्हा जीव यायला सेंद्रिय खत लागतेच. ते मोठ्या प्रमाणावर कसे करावे, याचे एक उत्तर यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी दिले. विटांची जाळीदार टाकी : दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. तिच्यात शेण थोडे, पालापाचोळा आणि माती भरपूर. 'नाडेप' हे नाव त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांचे. ज्याच्या दारात एकच गाय आहे, त्यालाही यातून गाडीभर खत मिळते.

हे सारे वाचले, पण ढीग काही घातला नव्हता. तो योग आला 2020 सालच्या मार्चात. टाळेबंदी झाली, माग थांबले, आणि आम्ही घरी बसलो. परड्यात तीन फूट लांब-रुंद जागा आखली आणि पुस्तकी ज्ञानाच्या भरात घरचा सारा ओला कचरा तीत ओतला. पंधरवड्यात असा काही दर्प सुटला की शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. आमच्या आईचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. ती काठी टेकत आली, वाकून पाहिले आणि म्हणाली, "आरं, कुजणं येगळं आन नासणं येगळं. ह्यात वाळलेलं काय हाय? वारा कुठनं जाणार?"

हॉवर्ड यांचे सारे शास्त्र त्या तीन वाक्यांत होते. हवा मिळाली तर कुजते, कोंडली तर नासते. ओल्या नत्राला वाळलेल्या कर्बाची जोड पाहिजे, सुमारे एकाला तीस. आम्ही विचारले, "आई, हे तू आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तू इचारलंस कवा?"

मग घर कामाला लागले. मुलाने रानातून पाचट आणून तोडले. सूनबाईंनी चुलीची राख आणि शेणकाला यांचा जिम्मा घेतला. नात पहार ढिगात खुपसून बाहेर काढी आणि हात लावून ओरडे, "आजोबा, चटका बसतोय!" म्हणजे ढीग तापला. ओल किती हवी हे आमच्या मंडळींनी शिकवले : मूठभर उचलून दाबावे, हात ओला व्हावा, पण पाणी ठिबकू नये. आणि कोंबड्या! घरच्या अकरा कोंबड्यांनी पहिल्या दिवशी सगळा ढीग अंगणभर विस्कटला. आम्ही त्यांना हाकलू लागलो, तर आई पुन्हा हसली. तेव्हा व्यवस्था बदलली. घरचा केर आधी खुराड्यासमोर पडू लागला. कोंबड्या त्यातले दाणे-किडे वेचीत, उरलेले उकरून मोकळे करीत, वर आपले खत टाकीत. त्यात नत्र शेणापेक्षा पुष्कळ जास्त. मग ते उचलून ढिगात जाई, आणि ढिगावर जाळी. ढीग उलथण्याच्या दिवशी मात्र जाळी काढून त्यांना मोकळे सोडायचे. आमचे निम्मे काम त्या फुकट करीत. फुकट हा शब्द येथे चुकला. त्यांना किडे मिळत. पावसाळ्याच्या तोंडाला खत तयार झाले, आणि घरातून बाहेर जाणारे पोते चौथाईवर आले. त्यात ओले काही नव्हते, आणि काच वेगळ्या कागदात बांधलेली होती.

2021 सालच्या जुलैत पुन्हा महापूर आला. कोंबड्या डालग्यात घालून गच्चीवर नेल्या. ढीग मात्र वाहून गेला. पाणी उतरल्यावर आम्ही खिन्न उभे होतो. आई म्हणाली, "गेलं न्हाई. कुणाच्या तरी रानात पडलं." आठवड्याने नव्या ढिगाचा पहिला थर आईनेच घातला.

तीस वर्षे आम्ही आठ तासांच्या कामासाठी आणि किमान वेतनासाठी भांडलो. भांडणे योग्यच होते. पण ज्या घरातून आम्ही मोर्च्याला निघत होतो, त्या घरातली शेणाची पाटी कोणी उचलली, याची नोंद आमच्या एकाही वहीत नाही. खताचा इतिहास हा अशा नोंद नसलेल्या हातांचा इतिहास आहे. गोठा झाडणारी बाई, वतनाने बांधलेला महार, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर असूनही विसरले गेलेले वाड, आणि 2019 साली आमच्या दारात हात चिरून घेणारा तो कामगार, ही सारी त्याच ढिगाची माणसे. ओला-सुका कचरा घरातच वेगळा करावा, असा नियम सरकारने 2016 साली केला. तो नगरपालिकेसाठी आहे असे आपण समजतो. वास्तविक तो त्या हातांसाठी आहे.

तेव्हा घरी गेल्यावर आपण एवढेच करावे. परड्यात, परडे नसल्यास कुंडीत, एक ढीग घालावा. आणि तो घालण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईला विचारावे की कसा घालू. आम्हांला विचारायला पन्नाशी उलटावी लागली. उकिरड्याचे पांग बारा वर्षांनी फिटतात म्हणे. ते उकिरड्यावर राबणाऱ्यांचे फिटावेत, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.