मागच्या चाकांचा वाटा : ड्रम ते डिस्क, ब्रेकच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

मे २०१४ मध्ये पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे अ‍ॅम्बॅसेडर मोटारीचे उत्पादन थांबले. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतील शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी सेवेतून निवृत्त झाली. रोजच्या वाहतुकीतून या गाड्या जवळपास नाहीशा झाल्या असल्या, तरी हौशी मालकांनी त्या जपून ठेवल्या आहेत, आणि त्या मालकांपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. या गाड्यांचे मूळ आराखडे १९५० च्या दशकातले. चारही चाकांना ड्रम ब्रेक. आजच्या वेगवान रस्त्यांवर ते अपुरे वाटतात. मग मागचे ड्रम काढून तेथे डिस्क ब्रेक बसवावेत काय?

वरवर पाहता हा सुट्या भागांचा आणि मिस्त्रीच्या कौशल्याचा प्रश्न आहे. परंतु मोटारीच्या इतिहासात मागची चाके हा ब्रेकच्या संदर्भातील सर्वांत नाजूक विषय राहिला आहे. गाडी थांबवण्याच्या कामात त्यांचा वाटा किती असावा, याचे उत्तर शोधण्यात अभियंत्यांच्या कित्येक पिढ्या गेल्या.

आरंभीच्या मोटारींना बहुधा मागच्याच चाकांना ब्रेक असत. पुढच्या चाकांना ब्रेक लावले तर गाडी दिशा सोडेल किंवा उलटेल, अशी भीती होती. शिवाय वळणाऱ्या चाकापर्यंत दांडे आणि तारा नेणे कठीण होते. १९०२ साली फ्रान्समध्ये लुई रेनो यांनी आजच्या ड्रम ब्रेकचा पूर्वज ठरलेली रचना केली : चाकाबरोबर फिरणारा पोकळ ड्रम आणि आतून त्याच्या भिंतीवर दाबले जाणारे अर्धवर्तुळाकार शू. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. म्हणजे डिस्क ही ड्रमची सुधारित आवृत्ती नव्हे. दोघी समवयस्क बहिणी आहेत. लँचेस्टर यांच्या ब्रेकमध्ये धातूच्या तबकडीवर तांब्याचे अस्तर घासले जाई. ते कर्कश किंचाळे आणि त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर लवकर झिजे. कल्पना बरोबर होती, पण तिला पेलणारे द्रव्य अजून हाती आले नव्हते. पुढे हर्बर्ट फ्रूड यांनी घर्षण-अस्तरांसाठी अ‍ॅस्बेस्टॉसचा वापर रुजवला आणि ड्रम ब्रेक विश्वासार्ह झाला. त्या अस्तराच्या धुळीने फुप्फुसांचे किती नुकसान होते, हे जगाला फार उशिरा उमगले.

ड्रमच्या यशामागे एक सुंदर युक्ती आहे. दोन शूंपैकी एक अशा रीतीने टेकतो, की फिरणारा ड्रमच त्याला स्वतःकडे ओढून घेतो. चालकाच्या पायाचा जोर त्यामुळे आपोआप वाढतो. ज्या काळात ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम बूस्टर सर्रास नव्हता, त्या काळात हे वरदान होते. तथापि वरदानाला अट होती. ही वाढ घर्षणावर अवलंबून असते, आणि घर्षण थोडे घटले तर ब्रेकचा जोर त्याहून अधिक प्रमाणात घटतो. एका बाजूच्या ड्रममध्ये पाणी शिरले की गाडी दुसऱ्या बाजूला ओढते, याचे कारण हेच.

उष्णतेची अडचण याहून मोठी. ब्रेक गाडीची गतिज ऊर्जा उष्णतेत बदलतो, आणि ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. माणसांसह १,४०० किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यात सुमारे १९४ किलोज्यूल ऊर्जा असते. ताशी १०० किलोमीटरला ती सुमारे ५४० किलोज्यूल होते. एवढ्या उष्णतेने दीड लिटर गार पाणी उकळीला येईल. घाट उतरताना तर दर वळणाला ही उष्णता पुन्हा भरली जाते. ड्रम बंदिस्त असल्याने ती साठून राहते. तापलेला ड्रम प्रसरण पावतो आणि त्याची भिंत शूपासून दूर सरकते. पेडल खोल जाते, पण ब्रेक लागत नाही. डिस्क मात्र उघड्यावर फिरते, वाऱ्याने थंड होते आणि तापून जाड झाली तर पॅडच्या दिशेनेच सरकते.

१९२० च्या दशकात दोन गोष्टी घडल्या. चारही चाकांना ब्रेक ही रीत पसरली आणि १९२१ च्या ड्यूझेनबर्ग मॉडेल ए या मोटारीत चारही चाकांना द्रवदाबाचे ब्रेक आले. त्यामागे माल्कम लॉकहीड यांचे संशोधन होते. पास्कलच्या नियमानुसार बंदिस्त द्रवातील दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो. प्रत्यक्ष जोर ठरतो तो पिस्टनच्या क्षेत्रफळावर. व्यास दुप्पट केला तर जोर चौपट होतो. म्हणजेच कोणत्या चाकाला किती वाटा द्यायचा, हे आता पिस्टनच्या आकाराने ठरवता येऊ लागले.

हा वाटा समान का नसावा? ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे झुकतो. अ‍ॅम्बॅसेडरच्या दोन आसांमधील अंतर सुमारे २.४६ मीटर. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर उंच मानला आणि थांबलेल्या गाडीचा भार दोन्ही आसांवर निम्मा-निम्मा धरला, तर जोराच्या ब्रेकमध्ये साधारण दोन तृतीयांश भार पुढच्या चाकांवर जातो आणि मागे जेमतेम एक तृतीयांश उरतो. हलकी झालेली मागची चाके अशा वेळी प्रमाणाबाहेर अडवली, तर ती फिरायची थांबून घसरू लागतात. घसरणाऱ्या चाकाला बाजूची पकड उरत नाही. पुढची चाके प्रथम अडकली तर गाडी स्टिअरिंगला जुमानत नाही, परंतु बहुधा सरळ रेषेत जात राहते. मागची प्रथम अडकली तर पाठीमागचा भाग पुढे यायला धडपडतो आणि गाडी भिंगरीसारखी फिरते. ओल्या रस्त्यावर हे सावरायला चालकाला क्षणभराचीही सवड मिळत नाही.

डिस्क ब्रेक पुन्हा आला तो या ज्ञानासह. जॅग्वार आणि डनलॉप यांनी मिळून तो शर्यतीच्या गाड्यांसाठी विकसित केला. १९५३ साली फ्रान्समधील ल माँ येथील २४ तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी डिस्क ब्रेकच्या जॅग्वार सी-टाइपने विजय मिळवला. त्या शर्यतीत ताशी १०० मैलांहून अधिक सरासरी वेग प्रथमच गाठला गेला. वेग वाढला, कारण सरळ रस्त्याच्या टोकाला ब्रेक इतरांपेक्षा उशिरा लावता येत होता आणि तासन्‌तास चालवूनही तो थकत नव्हता.

यानंतरचा क्रम मननीय आहे. १९५५ च्या सिट्रोएन डीएसने पुढे डिस्क दिल्या, मागे ड्रमच ठेवले. शिवाय मागच्या भारानुसार ब्रेकचा वाटा बदलणारी द्रवदाबाची यंत्रणा बसवली. १९५७ च्या जॅग्वार एक्सके १५० सारख्या वेगवान, महागड्या गाड्यांना चारही डिस्क मिळाल्या. सामान्य मोटारींनी मात्र दीर्घकाळ पुढे डिस्क, मागे ड्रम हीच जोडी पत्करली. भारतातही मारुती ८०० ने हीच जोडी घरोघरी नेली आणि आजही अनेक लहान गाड्यांत ती आढळते. यात काटकसर होतीच, पण ती आंधळी नव्हती. ज्या चाकांवर कमी काम आहे, तेथे उष्णताही कमी निर्माण होते. आणि गाडी उभी करून ठेवण्याच्या कामात स्वतःच घट्ट होणारा ड्रम फार उपयोगी पडतो.

या इतिहासाच्या प्रकाशात जुन्या गाडीचा प्रश्न वेगळा दिसू लागतो. पुढचे ड्रम तसेच ठेवून फक्त मागे डिस्क बसवणे म्हणजे हा सारा क्रम उलटा करणे होय. पुढचे ड्रम तापून थकले की मागच्या ताज्या डिस्कांचा वाटा नकळत वाढतो. नेमक्या उतारावर, नेमक्या वळणावर. म्हणून बदल करायचा तर तो पुढून सुरू व्हायला हवा.

पुढे आधीच डिस्क असतील, तरी मागचे ड्रम काढताना संपूर्ण यंत्रणेचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. डिस्कला ड्रमसारखी स्वयंचलित ओढ नसते. पायाच्या तेवढ्याच जोरात काम व्हायचे तर मोठा पिस्टन किंवा बूस्टर लागतो. पिस्टन बदलला की मास्टर सिलिंडरने ढकलायच्या ब्रेक ऑइलचे माप बदलते. जुळणी चुकली तर पेडल खोल जाते, नाहीतर दगडासारखे कडक होते. अनेक जुन्या ड्रम-यंत्रणांत सिलिंडरची रबरी सील घट्ट राहावीत म्हणून नळीत थोडा दाब कायम राखणारा झडप असतो. ड्रममधील स्प्रिंग शूंना मागे खेचतात, म्हणून तेथे तो निरुपद्रवी ठरतो. डिस्कला असे स्प्रिंग नसतात. तो झडप तसाच राहिला तर पॅड सतत घासत राहतात आणि उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते. ‘डॉट ३’ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला टेकते.

हँडब्रेकही विसरून चालत नाही. तो मागच्या ड्रमवर चालत असेल, तर ड्रमबरोबर तोही जातो. म्हणूनच मागे डिस्क असलेल्या अनेक मोटारींत डिस्कच्या मध्यभागी एक छोटा ड्रम केवळ हँडब्रेकसाठी ठेवलेला असतो. ज्या बहिणीला निरोप दिला, तिलाच एका कामासाठी परत बोलवावे लागले.

आजच्या गाडीत मागे डिस्क निर्धास्तपणे शोभते, कारण तिच्यावर पहारा असतो. १९७८ मध्ये बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक एबीएस यंत्रणा मर्सिडीझच्या एस-क्लास मोटारीत आली. चाक अडकू लागताच ती दाब सोडते. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस बंधनकारक झाले. ५० वर्षांच्या मोटारीत असा पहारेकरी नसतो. कारखान्याने ठरवलेली पिस्टनची मापे हाच तिचा एकमेव समतोल. नवी मोटार विक्रीस येण्यापूर्वी तिच्या ब्रेकची कसोटी पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थांत लागते, गॅरेजमध्ये बदललेल्या ब्रेकची कसोटी बहुधा थेट रस्त्यावरच लागते. उत्पादकाच्या मूळ रचनेत फेरफार करण्याबाबत मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा काटेकोर अर्थ लावला; तेव्हा आरटीओकडे विचारणा केल्याशिवाय स्पॅनर हाती घेणे शहाणपणाचे नाही.

या कथेला अलीकडे एक अनपेक्षित वळण मिळाले आहे. फोक्सवॅगनच्या आयडी ३ या विद्युत मोटारीला मागे ड्रम ब्रेक आहेत. विद्युत मोटार वेग कमी करताना बरीचशी ऊर्जा बॅटरीत परत घेते. घर्षणाच्या ब्रेकला काम कमी उरते आणि क्वचित वापरली जाणारी उघडी डिस्क गंजते. बंदिस्त ड्रम गंजापासून वाचतो आणि झिजेची धूळही बरीचशी आतच राखतो. युरोपच्या ‘युरो ७’ नियमांनी ब्रेकच्या धुळीवर प्रथमच मर्यादा घातल्यामुळे या गुणाचे मोल वाढले आहे. उष्णता कोंडून ठेवणारा जो बंदिस्तपणा ड्रमचा दोष मानला गेला, तोच येथे गुण ठरला.

तात्पर्य, ड्रम जुना म्हणून वाईट नाही आणि डिस्क नवी म्हणून चांगली नाही. मुळात ती नवीही नाही. चाकाला किती काम आहे, त्यातून किती उष्णता निघते आणि उरलेल्या तीन चाकांशी त्याचे नाते काय, यावर ब्रेकची योग्यता ठरते. बहुतेक जुन्या मोटारींना मागच्या डिस्कपेक्षा ताजे ब्रेक ऑइल, सुस्थितीतील सिलिंडर आणि नीट जुळवलेले शू यांची गरज अधिक असते. हे काम दिसायला साधे आहे, परंतु मूळ अभियंत्याने मागच्या चाकांना दिलेला वाटा त्यानेच शाबूत राहतो.