आर्सेनिक, जलीय अन्नसाखळीतील

आर्सेनिक हे धातुसदृश मूलद्रव्य आहे. त्याचा पांढरा ऑक्साइड म्हणजे सोमल. हरताळ आणि मनशीळ ही त्याचीच गंधकयुक्त खनिजे. विष म्हणून त्याची ख्याती इतकी जुनी, की मासळीत ते सापडले एवढ्यानेच लोक धास्तावतात. परंतु एकूण आर्सेनिक मोजून धोका कळत नाही. ते कोणत्या रूपात आहे हे पाहावे लागते. पाण्यातील आर्सेनेट हे अकार्बनी रूप रचनेने फॉस्फेटसारखे असल्यामुळे शेवाळे व वनस्पतिप्लवक ते शोषतात आणि कार्बनी संयुगांत, मुख्यतः आर्सेनोशर्करांत, बांधून टाकतात. समुद्री मासे, कोळंबी, शेवंड यांच्यात ते बहुतांशी आर्सेनोबिटेन म्हणून आढळते. १९७७ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील शेवंडीत ओळखले गेलेले हे संयुग माणसाच्या शरीरातून जवळजवळ न बदलता लघवीवाटे निघून जाते. म्हणूनच लघवीतील आर्सेनिक तपासण्यापूर्वी काही दिवस मासळी वर्ज्य करायला सांगतात. शिवाय पारा अन्नसाखळीत वरच्या पायऱ्यांवर अधिकाधिक साठत जातो, तसे आर्सेनिकचे सहसा होत नाही. त्याचे प्रमाण उलट घटत जाते.

मग जलचर सर्वस्वी निर्धोक का? तसे म्हणता येणार नाही. जपानमध्ये खाल्ल्या जाणाऱ्या हिजिकी या समुद्री शेवाळात घातक अकार्बनी आर्सेनिक भरपूर असते. गोड्या पाण्यातील माशांत आर्सेनोबिटेनचा वाटा समुद्री माशांपेक्षा कमी असतो, त्यामुळे समुद्राचा निष्कर्ष तळ्याला जसाच्या तसा लावणे चूक ठरेल.

तरीही बंगालच्या त्रिभुज प्रदेशातील खरी आपत्ती माशांतून नव्हे, पाण्यातून आणि भातातून आली. हिमालयातून आलेल्या गाळात आर्सेनिक लोहाच्या ऑक्साइडांना चिकटलेले असते. प्राणवायू नसलेल्या थरांत जिवाणू लोह विरघळवतात आणि आर्सेनिक भूजलात सुटते. तळ्याच्या पाण्यातील रोगजंतू टाळण्यासाठी घराघरांत नलिकाकूप खोदले गेले आणि नेमके हेच भूजल वर आले. १९८३ मध्ये कोलकात्यात त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांनी तिथले आर्सेनिकबाधेचे पहिले रुग्ण ओळखले. अंगावर काळे-पांढरे ठिपके, तळहात-तळपायांची त्वचा जाड व खरखरीत होणे आणि अनेक वर्षांनंतर त्वचा, फुप्फुस वा मूत्राशयाचा कर्करोग असा हा विकार वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, बांगलादेशाची ५०. याच भूजलावर उन्हाळी बोरो भात पिकतो. पाणी साचलेल्या चिखलात आर्सेनाइट हे दुसरे अकार्बनी रूप तयार होते आणि सिलिकॉनच्या वाटेने मुळांत शिरते. तांदूळ भरपूर स्वच्छ पाण्यात शिजवून पेज काढून टाकली तर आर्सेनिकचा काही भाग जातो; दूषित पाण्यात शिजवला तर उलट भर पडते. अशा वेळी सरसकट मासळीची भीती घालणे मला अन्यायाचे वाटते, कारण पश्चिम बंगालमधील पाहणीत प्राणिज प्रथिने कमी खाणाऱ्यांत त्वचेचे विकार काहीसे अधिक आढळले, आणि तिथल्या गरिबाच्या ताटातले असे प्रथिन बहुधा मासळीचेच असते.